बंद पेटीतली अंडी

अंडे फोडण्याच्या कामात माझा हात धरील असा माणूस आमच्या पेठेत सापडणार नाही, असे मी म्हटले तर ती बढाई समजू नये. एका महाविद्यालयात एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना मी काही हजार अंडी फोडली, आणि त्यांतल्या एकाचेही ऑम्लेट केले नाही. आमच्या घरात अंडे हा शब्दच मुळी हळू आवाजात उच्चारला जाई. माझा मुलगा कॉलेजात ‘जीवशास्त्र’ शिकवतो एवढेच माझ्या आईला ठाऊक होते, आणि जीवशास्त्र म्हणजे झाडापानांचे काहीतरी असणार, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. सौभाग्यवतींना मात्र खरा प्रकार माहीत होता. त्यामुळे कॉलेजातून आल्यावर मोरीवर साबणाने दोनदा हात धुतल्याखेरीज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्या संसारातला पहिला करार होता. तो मी निवृत्त होईपर्यंत पाळला गेला.

ज्यांनी शास्त्रशाखेची पदवी घेतली आहे त्यांना ‘तेहेतीस तासांचा चिक’ आणि ‘अठ्ठेचाळीस तासांचा चिक’ हे शब्द आठवत असतील. कित्येकांना ते परीक्षेच्या धास्तीसकट आठवत असतील. काचपट्टीवर रंगवून चिकटवलेले ते कोंबडीचे गर्भ म्हणजे प्रात्यक्षिकाच्या परीक्षेतले हमखास प्रश्न. पण काचपट्टीवरचा चिक हा मेलेला चिक. मला स्वतःला त्यात गोडी नव्हती. दरवर्षी डिसेंबरात एकदा तरी मी मुलांना जिवंत गर्भ दाखवीत असे. अंडे आदल्या रात्रीपासून आडवे ठेवायचे, म्हणजे गर्भ तरंगत वरच्या अंगाला येतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या बशीत ते अलगद फोडायचे. मग बलकावर एक पांढुरकी चकती दिसते. तिच्या भोवतीने बारीक कात्रीने कापून, गाळणकागदाच्या कड्यावर ती उचलायची आणि घड्याळाच्या काचेसारख्या उथळ काचेत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची.

वर्गात तोवर चाललेली कुजबूज त्या क्षणी थांबते. कारण काचेत जे दिसते त्याला अजून पाय नाहीत, पंख नाहीत, चोच नाही; डोके कुठे संपते आणि धड कुठे सुरू होते तेही नवख्याला उमगत नाही. पण मधोमध एक वाकडी नळी असते आणि ती उडत असते. दोन दिवसांपूर्वी जे निव्वळ बलकावरचा ठिपका होते, त्याचे हृदय चालू झालेले असते! ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून हे पाहिले होते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका उड्या मारताना दिसतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्यापाशी भिंग नव्हते. आमच्या मुलांपाशी सूक्ष्मदर्शक होता, तरी तोंडे उघडी पडायची ती ॲरिस्टॉटलची पडली असेल तशीच. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी काचेच्या बशीत कोंबडीचे गर्भ वाढवून विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. त्या परंपरेतले एखादे दूरचे पान म्हणून मी स्वतःला गणत आलो.

हे सगळे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की ते पहिले अठ्ठेचाळीस तास फार नाजूक असतात. पाठीवरची पन्हळ मिटून तिची नळी होते, तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू व्हायचा असतो. हृदयाच्या दोन नळ्या जवळ येऊन एक होतात, डोके डाव्या कुशीवर वळते. एखादी पन्हळ नीट मिटत नाही, एखादे हृदय नको त्या अंगाला वळते. मी फोडलेल्या अंड्यांत असली व्यंगे दरसाल निघत. कारण विचारले तर सांगता येत नसे. अंडी त्याच कोंबड्यांची, यंत्र तेच, ऊब तीच.

उबवणीचे शास्त्र तसे पाहिले तर चार ओळींचे आहे. एकवीस दिवस, साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता, हवेत पुरेसा ओलावा, आणि अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून अनेकदा अंडे फिरवणे. खुडूक कोंबडी हे सगळे थर्मामीटरशिवाय करते आणि वर आपल्या अंगावर धावून येते. आमच्या प्रयोगशाळेतला गणपत कोकणातला. त्याची आई रवणाच्या टोपलीत अंड्यांबरोबर लोखंडाचा एक खिळा ठेवीत असे. आभाळ गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून. शास्त्रात त्याला काही आधार नाही. पण गणपतने माझ्या इन्क्युबेटरच्या एका कोपऱ्यात असाच एक खिळा ठेवला होता, आणि तो काढून टाकायचे मला कधी धैर्य झाले नाही. एवढे करूनही शंभर फलित अंड्यांतून ऐंशी-पंचाऐंशी पिल्ले बाहेर पडली तर उबवणारा समाधानी असतो. उरलेली बहुतेक पहिल्या चार-पाच दिवसांत जातात, नाहीतर अगदी शेवटल्या तीन दिवसांत, चोच कवचाला लागली असताना.

असा हा माझा अंड्यांशी असलेला संबंध निवृत्तीबरोबर संपला, असे मी समजून चाललो होतो. यंदा तो पुन्हा जोडला गेला तो एका चुलीमुळे.

आमच्या सूनबाईंना दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला आणि त्याबरोबर माझी थोरली बहीण अक्का सांगलीहून राहायला आली. अक्का आली म्हणजे घरातली घड्याळेसुद्धा वेळेवर चालू लागतात. तिने आल्या आल्या घराची पाहणी केली आणि ओट्यावरच्या इंडक्शनच्या चुलीपाशी थबकली. जाळ नाही, निखारा नाही, आणि दूध उतू जाते आहे!

“बंडू, ही चूल चालते कशावर रे?”

मी शिक्षकाच्या जन्मजात हौसेने सांगितले, की आत तारेचे वेटोळे असते, त्यात वीज वेगाने उलटसुलट वाहते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याने भांड्याचा बूडच तापतो.

“म्हणजे ही चुंबकाची चूल.”

“तसं म्हणायला हरकत नाही.”

झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंना स्वयंपाकघरात मज्जाव. अक्काच्या मोबाइलवर कुठूनसा फिरत फिरत एक मजकूर आला होता. चुंबकाजवळ ठेवलेल्या अंड्यांतली पिल्ले वेडीवाकडी होतात, परदेशात शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे, सबब गर्भवतींनी सावध राहावे. मागोमाग लॅपटॉप मांडीवर घ्यायला बंदी झाली. मग मोबाइल उशाशी ठेवायला. मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या रोहित्रावरून जायला. सूनबाई एका कचेरीत हिशेबतपासनीस आहे. तिचे सगळे काम संगणकावर. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला एकटे गाठून विचारले, “बाबा, अंड्यांचं ते खरं आहे का हो?” तिच्या आवाजात थट्टा नव्हती. थट्टा असती तर मला हे सारे शोधत बसावे लागले नसते.

एखाद्याला वाटेल, जुन्या वळणाच्या बाईची ही भाबडी समजूत, दोन शब्द सांगून मिटवता आली असती. पण अक्काची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१९८० सालच्या १६ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण झाले. कारवारच्या बाजूला ते खग्रास होते. सांगलीला सूर्याची कोर तेवढी उरली होती. अक्काचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि तिला तिसरा महिना चालू होता. सासरच्या वाड्यात तिला सकाळपासून अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवले होते. चिरायचे नाही, शिवायचे नाही, कुशीवर वळायचे नाही. ऐन ग्रहणात जाऊबाईंचे तान्हे रडू लागले आणि कोरडे दुपटे मिळेना. दुपटी परसात वाळत होती. सगळे देवघरात जपाला बसलेले. अक्का उठली, परसात गेली, दुपटी काढून आणली. सगळा मिळून पाच मिनिटांचा मामला. पुढच्या महिन्यात तिचा गर्भपात झाला.

त्यानंतर तिला दोन मुले झाली. दोघेही धडधाकट, दोघेही आज केस पिकलेले गृहस्थ. पण सासूबाई हयात होत्या तोवर घरात काही बिनसले, कुणाचे लग्न मोडले, कुणाला नोकरी लागेना, की एक वाक्य ठरलेले असे: “ग्रहण पाळलं असतं तर आज थोरला असता.” रागावून नव्हे, उसासा टाकून म्हणत. रागाला उत्तर देता येते. अक्काने कधी उत्तर दिले नाही. माझ्यापाशीही ती त्या दुपारविषयी कधी बोलली नाही. मी तेव्हा नुकता कॉलेजात लागलो होतो. भ्रूणशास्त्राचे माझे सगळे ज्ञान घेऊन मी तिला भेटायला गेलो होतो आणि चहा पिऊन परत आलो होतो.

तेव्हा अक्का चुलीला भीत होती ती उगाच नव्हे. ग्रहण काय आणि चुंबक काय, दोन्ही न दिसणाऱ्या गोष्टी. न दिसणाऱ्या गोष्टीने एकदा तिच्याकडून वसुली केली होती.

मी मुलाला सांगून मूळ शोधनिबंध मिळवले आणि आठवडाभर चष्मा लावून बसलो. आता जे सांगतो ते त्यातले आहे, आणि मला ते कोणत्याही रहस्यकथेइतके रंजक वाटले.

या कथेचा पहिला नायक होसे डेल्गादो नावाचा स्पॅनिश शास्त्रज्ञ. हा गृहस्थ मुळातच अचाट. १९६३ साली स्पेनमधल्या कोर्दोबा येथे त्याने एका बैलाच्या मेंदूत तारा बसवल्या, हातात रेडिओचे बटण घेतले आणि रिंगणात त्या बैलासमोर उभा राहिला. बैल शिंगे रोखून धावत आला. याने बटण दाबले. बैल जागच्या जागी थबकला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलापुढे उभे राहायचे तर पुरणपोळी हातात लागते! असो. पुढे १९८२ साली डेल्गादो आणि त्याचे माद्रिदमधले सहकारी यांनी कोंबडीची अंडी तारेच्या वेटोळ्यात ठेवली, उबवणीच्या पहिल्या अठ्ठेचाळीस तासांपुरती, आणि त्यांवर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्राचे ठोके सोडले. गर्भांमध्ये व्यंगे वाढलेली दिसली. मौज अशी, की क्षेत्र जितके जोरदार तितका परिणाम अधिक असा सरळ हिशेब नव्हता. एका मधल्याच बलाला, सुमारे सव्वा मायक्रोटेस्लाला, परिणाम सर्वांत ठळक होता.

मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे माप. सव्वा म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आपल्या महाराष्ट्रात चाळिसाच्या थोडे वर आहे. त्यात आपण जन्मतो, आणि आपल्या कोंबड्याही. फरक इतकाच, की पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असते आणि डेल्गादोचे ठोक्याठोक्याने येणारे. असला क्षीण ठोका मोजणेसुद्धा किती नाजूक काम आहे हे मुंबईकरांनी ध्यानात घ्यावे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले तेव्हा तिच्या विजेने सुया बहकतील, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारत पोरबंदरच्या दगडाची. तीत लोखंड वापरले जाऊ नये याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतलेली. दोन वर्षे दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या, ताळा जमला, तेव्हा कुठे कुलाब्याच्या नोंदी बंद केल्या. एका सुईसाठी एवढे! कुलाब्याच्या कोंबड्यांना मात्र कुणी अलिबागला नेले नाही, आणि ट्राम सुरू झाल्यावर त्यांनी तक्रार केल्याचेही ऐकिवात नाही.

कोंबडीला चुंबकत्व मुळीच कळत नाही असे मात्र समजू नये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना लाल चेंडूचा लळा लावला होता, आई समजून ती त्याच्यामागे धावत. तो चेंडू नेहमी उत्तरेच्या पडद्याआड सापडतो हे ती शिकली. मग प्रयोगकर्त्यांनी चुंबकीय उत्तर काटकोनात फिरवली, तर पिल्लेही तितकीच वळून आईला शोधू लागली. हे वाचून मला गणपतच्या खिळ्याविषयी थोडा आदर वाटू लागला, हे कबूल करतो.

डेल्गादोच्या निबंधाने खळबळ उडाली ती कोंबड्यांसाठी नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेत, कॅनडात, स्वीडनमध्ये हजारो बायका संगणकाच्या जाड काचेच्या पडद्यासमोर दिवसभर बसू लागल्या होत्या. त्या पडद्यांतूनही असेच ठोके निघत. कुठल्या तरी कचेरीत दोन-चार जणींचे गर्भपात झाले की पडद्याकडे बोट दाखवले जाई. तेव्हा काही शास्त्रज्ञांनी ठरवले, की एकदा हे नीट पाहू. या कामाला नाव पडले ‘हेनहाउस’, म्हणजे चक्क ‘खुराडे’!

अमेरिका, कॅनडा, स्वीडन आणि स्पेन मिळून सहा प्रयोगशाळा. सहाही ठिकाणी एकाच घडणीची यंत्रे: दोन-दोन पेट्या, प्रत्येकीत तारेचे वेटोळे, उष्णता-ओलावा-हादरे मोजण्याची सोय. एका पेटीत दहा अंडी ठेवून वेटोळे चालू करायचे. दुसऱ्या पेटीत दहा अंडी ठेवून वेटोळे बंदच ठेवायचे. अठ्ठेचाळीस तासांनी अंडी फोडायची. फोडून पाहणाऱ्याला कुठले अंडे कुठल्या पेटीतले हे ठाऊक असता कामा नये. मग पेट्यांची अदलाबदल, आज चालू ती उद्या बंद, म्हणजे पेटीतच काही खोट असेल तर ती दोघींच्या वाट्याला येईल. असे प्रत्येक ठिकाणी दहा वेळा. एवढा सचोटीचा व्यवहार मी माणसांच्या बाबतीतही फारसा पाहिलेला नाही.

१९९० साली निकाल छापून आला. सहांपैकी पाच ठिकाणी चालू पेटीत व्यंगे अधिक निघाली. पण त्यांतल्या दोनच ठिकाणी फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. सगळी गोळाबेरीज केली तेव्हा चालू पेटीतल्या गर्भांपैकी शेकडा सुमारे पंचवीस सदोष, आणि बंद पेटीतल्यांपैकी शेकडा सुमारे एकोणीस. हा फरक केवळ योगायोगाने पडावा असा नव्हता. आणि एका गावी एक उत्तर, दुसऱ्या गावी दुसरे, असे का यावे, याचे कारण त्या मंडळींना सापडले नाही. त्यांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले.

तेव्हा मोबाइलवरचा मजकूर अगदीच खोटा नव्हता. मला कुणी एखादे फलित अंडे देऊन विचारले, की कुठल्या पेटीत ठेवू, तर मी बंद पेटीतच ठेवा म्हणेन. पण अंडे म्हणजे माणूस नव्हे. वेटोळ्याच्या मधोमध दोन दिवस कुणी सून बसत नाही. आणि माणसांचा हिशेबही झालेला आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या टेलिफोन-ऑपरेटर बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. काही जणी पडद्यासमोर काम करणाऱ्या, काही जणी पडद्याशिवाय तेच काम करणाऱ्या. गर्भपाताचे प्रमाण दोघींकडे सारखेच, शेकडा पंधराच्या आसपास. ते जाड पडदेही आता गेले. इंडक्शनच्या चुलीचे म्हणाल तर तिचे क्षेत्र वीतभर दूर गेले तरी झपाट्याने ओसरते. भांडे कड्याच्या मापाचे घ्यावे, ओट्याला पोट टेकून उभे राहू नये, एवढे पुरे. हे मी सूनबाईंना सांगितले. तिने हिशेबतपासनिसाच्या नजरेने निबंधातले कोष्टक वरपासून खालपर्यंत पाहिले, दोन शंका विचारल्या, आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला. मांडीवर नव्हे, टेबलावर.

प्रश्न अक्काचा होता. पंचवीस आणि एकोणीस यांत पंचवीस हा मोठा आकडा. भिणाऱ्याची नजर तिकडेच जाणार. माझीही गेली होती. पण दोन रात्री मला झोप लागू दिली नाही ती एकोणिसाने.

दुपारची वेळ होती. अक्का शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर कागद घेऊन बसलो आणि दोन चौकोन काढले. ही चालू पेटी, ही बंद पेटी. अक्का चौथीपर्यंत गणितात माझ्याहून हुशार होती. तिला दोनदा सांगावे लागले नाही.

“म्हणजे चुंबकाने सहा वाढली,” ती म्हणाली.

“हो. शंभरात सहा.”

“आणि ही एकोणीस?”

“ती बंद पेटीतली.”

तिचे शेंगा सोलणे थांबले. “त्या पेटीत काय होतं?”

“काही नाही. ऊब होती. अंड्याला हवं ते सगळं होतं.”

“चुंबक?”

“बंद.”

“कुणी हादरा दिला? वेळेवर फिरवली नाहीत?”

“दोन्ही पेट्यांची सारखीच निगा घेतली. म्हणून तर दोन पेट्या केल्या.”

“मग ती एकोणीस कशानं गेली?”

मी तिला सांगितले, की पन्हळ मिटता मिटता मिटत नाही, नळी वळता वळता चुकते. बियाणे जुळतानाच कुठेतरी धागा तुटलेला असतो. माणसांतही दिवस गेल्याचे कळल्यानंतर शंभरातल्या दहा ते वीस जणींचे असे होते, आणि त्यांतल्या निम्म्याअधिकांत गर्भ पहिल्या दिवसापासूनच वाढण्याजोगा नसतो. आई कुठे गेली, काय चिरले, कुठल्या कुशीवर निजली, याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे सगळे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले होते. पण वर्गात समोर अक्का नसे.

ती बराच वेळ बंद पेटीच्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग बोटाने त्यावर टकटक करीत म्हणाली, “या कोंबड्यांना बाकी कुणी विचारलं नसेल, तू त्या दिवशी कुठं गेली होतीस म्हणून.”

मी काही बोललो नाही. तिने पुन्हा चार शेंगा सोलल्या. दाणे सुपात टाकले. टरफले बाजूला केली. मग माझ्याकडे न पाहता ती बोलू लागली.

“मी परसात गेले ना, तेव्हा लिंबाखाली फरशीवर सगळीकडे कोरी पडल्या होत्या. चंद्राच्या असतात तशा. बारीक बारीक, शेकड्यांनी. वारा आला की हलायच्या. ऊनसुद्धा कसं पितळेच्या रंगाचं झालं होतं. एक पाखरू बोलत नव्हतं. दुपटी काढायला एवढा वेळ कशाला लागतो रे? मी उभीच राहिले होते. वाकून हातसुद्धा लावून पाहिला.” थोडे थांबून ती म्हणाली, “इतकं सुंदर मी जन्मात पाहिलं नाही.”

हे तिने पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितले नव्हते. ग्रहणात बाहेर गेले, एवढाच गुन्हा कमी होता का, की वर ते आवडले असेही सांगायचे!

पानांच्या फटींतून सूर्याची प्रतिमा जमिनीवर पडते, सूर्य कोरीएवढा उरला की कवडसाही कोरीचा होतो, हे माझ्या ओठांवर आले होते. ते मी तसेच ठेवले. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. चहा अर्थातच चुंबकाच्या चुलीवर केलेला होता. अक्काने कपाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि “लांब उभी राहिली होतीस ना?” एवढेच विचारून कप तोंडाला लावला.

“बंडू, पुढचं ग्रहण कधी आहे रे?”

“तसं मोठं म्हणशील तर २०२७ च्या २ ऑगस्टला. खग्रास तिकडे इजिप्तात, अरबस्तानात. आपल्याकडे खंडग्रास, दुपार कलल्यावर.”

तिने बोटांवर काहीतरी मोजले. “पोर तोवर उभं राहायला लागेल.”

“लागेल की.”

“ऑगस्टात म्हणजे ढग असणार पण,” अक्का म्हणाली, आणि सूप पुढे ओढून तिने दाणे पाखडायला घेतले.